जुळे सोलापुरातली टाकी आणि क्लाउनफिशच्या दोन जोड्या

गेल्या नोव्हेंबरात ताईचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होतो. "अरे, एक मासा तळाशी जाऊन बसलाय. धापा टाकल्यासारखा श्वास घेतोय. अंगावर साय धरल्यासारखं दिसतंय. येतोस का?" साय हा शब्द तिने अगदी नेमका वापरला होता. दुधावरची साय बोटाने सरकवावी तशी त्या माशाची कातडी सुटायला लागली होती, आणि ते नुसतं ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण त्यानंतर सोलापुरातल्या तीन-चार घरांनी मला हाच प्रश्न विचारला: क्लाउनफिश, म्हणजे नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला छोटा समुद्री मासा, घ्यायचा तर हॅचरीत, म्हणजे माशांच्या पैदास केंद्रात, पैदास केलेला घ्यावा की समुद्रातून पकडलेला? दुकानांत त्यांना 'टँकब्रेड' आणि 'वाइल्ड' म्हणतात. आमच्या घरात या प्रश्नाचं उत्तर दोनदा दिलं गेलं. पहिल्यांदा ते चुकलं. दुसऱ्यांदा जमलं, पण केवळ मासा हॅचरीतला होता म्हणून जमलं असं नाही. ते पुढे येईलच.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे आणि दहा वर्षं घरी खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळतोय. ताई-दाजी जुळे सोलापुरात राहतात. दाजींचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे. भाची आठवीत. टाकी तिच्या हट्टाने आली, पण घाईने आली नाही. तीन फुटी काच, भरल्यावर साधारण १२० लिटर. आरओचं पाणी, त्यात सव्वाचार किलोच्या वर सॉल्ट मिक्स. दगड आम्ही कोरडेच घेतले. भारतीय समुद्रातलं प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे 'लाइव्ह रॉक' म्हणून, म्हणजे समुद्रातून काढलेला जिवंत जीव असलेला प्रवाळाचा दगड म्हणून, कुणी काही देऊ केलं तरी हात लावायचा नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पाण्यातली घाण पचवणारे जिवाणू रुजावेत म्हणून सात आठवडे टाकी माशाविना चालवली. अमोनिया चढला, उतरला. मग नायट्राइट चढलं, तेही उतरलं. दोन्ही शून्यावर आल्यावरच माशांचा विषय निघाला.

पहिली जोडी

दुकानात त्या आठवड्यात दोन्ही प्रकार होते. एका टाकीत मुंबईहून आलेले समुद्रातले क्लाउनफिश, सहा-सहा सेंटिमीटरचे, नारिंगी रंग नुसता पेटलेला, एकाला ३५० रुपये. शेजारच्या टाकीत हॅचरीचे, बोटाच्या दोन पेरांएवढे, रंगाने फिकट, एकाला ९०० रुपये. भाचीचा वाढदिवस दोन दिवसांवर होता. दाजी मला न विचारता गेले आणि समुद्रातले दोन घेऊन आले. यात त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. मोठा, तेजदार, आणि निम्म्याहून कमी किमतीत. माल पारखणारा माणूस हेच निवडणार. दोन्ही जातीने एकच, शास्त्रीय नाव ॲम्फिप्रिऑन ओसेलॅरिस, अंदमानापासून इंडोनेशिया-फिलिपाईन्सपर्यंतच्या समुद्रात सापडणारा. मग किमतीत एवढा फरक का, हे फळीवर कुठे लिहिलेलं नसतं.

पहिले दोन दिवस मासे दगडामागे. पेलेट, म्हणजे खाद्याचे तयार दाणे, टाकली की तोंडाजवळून निघून जायची, ते बघायचेसुद्धा नाहीत. तिसऱ्या दिवशी मी आर्टेमियाची, म्हणजे कोळंबीसारख्या एका बारीक जिवाची, अंडी उबवून नेली. ती जिवंत पिल्लं त्यांनी थोडी खाल्ली. चौथ्या दिवशी एकाच्या शेपटीची कड फाटलेली दिसली. सहाव्या दिवशी ताईचा फोन.

लॅबमधून निकाली निघालेला एक जुना मायक्रोस्कोप माझ्याकडे आहे. तो गाडीच्या डिकीत घालून गेलो. ताईने ओला रुमाल धरला, मी मासा त्यात अलगद घेऊन कव्हरस्लिपच्या, म्हणजे मायक्रोस्कोपच्या पातळ काचेच्या, कडेने कल्ल्यामागचा चिकट थर हलकेच खरवडला, टाकीतल्याच पाण्याचा थेंब टाकला आणि लगेच बघितलं. मेलेल्या माशावर हे करून उपयोग नसतो, मासा मेला की परजीवी लवकरच त्याला सोडून जातात. मायक्रोस्कोपच्या दहापट भिंगाखाली घेवड्याच्या दाण्यासारखे जीव संथपणे वळत, सरपटत होते. एका बाजूला बाक, आणि अंगावर बारीक केसांच्या रांगा. भाचीलाही दाखवलं. ती बराच वेळ डोळा लावून उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, हे किती आहेत!" एका थेंबात मोजता येणार नाहीत इतके होते.

हा ब्रूक्लिनेला, माशाच्या कातडीवर आणि कल्ल्यांवर जगणारा एकपेशीय परजीवी. क्लाउनफिशवर तो इतका हटकून येतो की जगभरचे टाकीवाले त्याला 'क्लाउनफिशचा रोग' म्हणूनच ओळखतात, आणि समुद्रातून नुकत्याच आलेल्या माशांवर तो जास्त दिसतो. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग वेगळा. ठिपक्यांवर आणि मखमली रोगावर तांब्याचं औषध चालतं; ब्रूक्लिनेलावर तांब्याचा उपयोग होत नाही. त्यावर फॉर्मॅलिन लागतं. माझ्या लॅबमध्ये फॉर्मॅलिन बाटल्यांनी आहे, पण ते बायॉप्सीसाठी पातळ करून बफर घातलेलं, माशासाठी ते नाही. योग्य औषध सोलापुरात त्या रात्री मिळालं नाही. शिवाय फॉर्मॅलिन पाण्यातला प्राणवायू खेचून घेतं, त्यामुळे जोराची हवा सोडून, मोजून, टाकीबाहेरच द्यावं लागतं. मी तेवढ्यापुरता उतारा केला: टाकीच्याच तापमानाच्या आरओ पाण्याचा सामू (पीएच) जुळवून त्यात पाच मिनिटं डुंबवणं. गोड्या पाण्याने परजीवी काही प्रमाणात गळून पडतात. मोठा मासा त्याच रात्री गेला. दुसरा आणखी तीन दिवस टिकला. घरात आल्यापासून नवव्या दिवशी टाकी रिकामी झाली.

दोष कुणाचा होता

प्रकरण मांडायचं तर आधी टाकीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायला हवं. मी त्याच रात्री सगळं मोजलं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट १० च्या आसपास, तापमान २७ अंश, खारटपणा सांगणारी विशिष्ट घनता १.०२५. पाण्यात काही खोट नव्हती.

मग प्रवास. पिशवीत मासा तासन्‌तास श्वास घेतो तेव्हा कार्बन डायऑक्साइड साचून पाण्याचा सामू खाली येतो. त्यामुळे पिशवीत साठलेला अमोनिया सौम्य रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडतो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून लांबच्या प्रवासाच्या पिशवीत मासा तासभर ठेवून थेंबथेंब पाणी सोडत बसणं त्याच्या हिताचं नसतं. तापमान जुळवावं, खारटपणा फार वेगळा नसेल तर लवकर बाहेर काढावा. पण आमचे मासे दुकानात चार दिवस राहून आले होते. तो धक्का बसायचा तर तिथे बसून गेला असणार.

तिसरी गोष्ट मला फाटलेल्या शेपटीने सांगितली. क्लाउनफिशमध्ये सगळी पिल्लं आधी नर असतात. क्लाउनफिश ज्याच्या आसऱ्याने राहतो त्या फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्यावर, म्हणजे समुद्रफुलावर किंवा ॲनिमोनवर, सगळ्यांत मोठी ती मादी, तिच्याखालचा तो तिचा नर, बाकीची छोटी मंडळी रांगेत थांबलेली. मादी गेली की नर मादी होतो आणि रांगेतला पुढचा नराच्या जागी येतो. पण मादी पुन्हा नर होत नाही. आमचे दोन्ही मासे एकाच मापाचे, पूर्ण वाढलेले, बहुधा दोन वेगवेगळ्या ॲनिमोनवरून उचललेले. दोन माद्या एका तीन फुटी टाकीत. भांडण ठरलेलं, आणि भांडणाने थकलेल्या माशावर परजीवी स्वार व्हायला वेळ लागत नाही.

उरतं ते पकडण्याचं. फिलिपाईन्स-इंडोनेशियाच्या प्रवाळांवर सोडियम सायनाइडचं पाणी फवारून मासे गुंगवून पकडण्याची पद्धत कित्येक दशकं चालत आली आहे. असा मासा सुरुवातीला धडधाकट दिसतो, खातोसुद्धा, आणि मग आठवड्या-दोन आठवड्यांत जातो. आमच्या माशांबाबत ते झालं असा माझा दावा नाही; परजीवी मी डोळ्यांनी पाहिलाय, तेवढं कारण पुरे आहे. पण समुद्रातला मासा घेताना हे बघून ओळखता येत नाही, हे ध्यानात ठेवायला हवं.

माझं मत असं बनलं: समुद्रातला मासा मुळात अशक्त नसतो, वाटेत अशक्त होतो. पाणबुड्या, गावातली साठवण, निर्यातदार, आयातदार, घाऊक व्यापारी, दुकान. प्रत्येक थांब्यावर दाटीवाटीची टाकी, नवे शेजारी, उपास. ती वाट पार करून जो स्थिरावतो तो हॅचरीच्या माशाइतकाच, वीस-वीस वर्षं जगू शकतो. पण ती वाट पार होईल की नाही हा जुगार घरातल्या मुलीच्या वाढदिवसाला का खेळायचा?

दुकानातला शोध

दुसऱ्या वेळी हॅचरीचाच घ्यायचा, हे ताईने ठरवूनच टाकलं. मी त्यांच्यासोबत दुकानात गेलो. दुकानदार माणूस सरळ. हॅचरीचे मासे दक्षिणेतून येतात, एका खोक्यात एकाच बॅचचे, हे त्याने स्वतःहून सांगितलं. त्याने पेलेट टाकली आणि तिन्ही छोटे मासे वर आले, तोंडाने टिपून टिपून खाल्लं. हॅचरीच्या माशाची ही सगळ्यांत भरवशाची खूण. सगळे एका मापाचे आणि एखाद्याचा पांढरा पट्टा अर्धवट, याही खुणा जुळत होत्या. अर्धवट पट्ट्याने माशाचं काही बिघडत नाही. जबडा वाकडा किंवा कल्ल्याचं झाकण आखूड असेल तर मात्र घेऊ नये.

मी फळीखाली वाकून बघितलं. सगळ्या टाक्यांचे पाइप एकाच संपमध्ये, म्हणजे खालच्या सामाईक टाकीत, उतरत होते. एकच पंप, एकच पाणी. शेजारच्या टाकीतल्या वाइल्ड माशावरचा परजीवी सकाळी त्याच्या पाण्यात, दुपारी हॅचरीच्या पिल्लांच्या पाण्यात. मासा कुठे जन्मला याला तिथे अर्थच उरत नव्हता. चार महिने स्वच्छ पाण्यात वाढवलेलं पिल्लू दुकानातल्या चार दिवसांत तेच सगळं गोळा करणार होतं, आणि आम्ही त्याचे ९०० रुपये मोजणार होतो.

या प्रकरणातली माझी शिकवणी इथे झाली. तोवर माझाही समज 'हॅचरीचा म्हणजे निर्धोक' असाच होता. मी दुकानदाराला म्हटलं, "पुढचं खोकं येईल तेव्हा आमच्या दोन पिशव्या उघडू नका. तुमच्या टाकीचं पाणी त्यांना लागूच देऊ नका. आम्ही स्टेशनवरून खोकं आलं की लगेच येतो." त्याला यात काही जगावेगळं वाटलं नाही. उलट तो म्हणाला, "असं कुणी मागत नाही, नाहीतर माझीपण मर वाचंल की."

हिशेब दाजींनी मांडला. पहिल्या जोडीचे ७००, वर आर्टेमिया, टेस्टकिट. दुसरी जोडी १८००, अधिक खोक्याच्या वाटणीचे ४००. "स्वस्तातलं सूत घेतलं की माग दिवसभर धागा तोडतो," ते म्हणाले, "मला हे कळायला पायजे होतं." आणि जास्तीचे पैसे कशाचे, तेही त्यांना समजावून घ्यायचं होतं. क्लाउनफिश कठीण पृष्ठभागावर अंडी चिकटवतो, नर ती पंखांनी वारा घालत राखतो, आठवडाभराने अंधार पडल्यावर पिल्लं बाहेर येतात. पुढचे दहा-एक दिवस ती तरंगती अळी असते. तिला डोळ्यांना जेमतेम ठिपका दिसेल असे रोटिफर नावाचे सूक्ष्म प्राणी चारावे लागतात, ते रोटिफर जगवायला वेगळं हिरवं शेवाळ वाढवावं लागतं. मग आर्टेमिया, मग पेलेट, मग महिनोन्‌महिने सांभाळ. समुद्रात हा खर्च समुद्र उचलतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने केरळातल्या विळिंजम केंद्रात ही पैदास जमवून दाखवली. आपल्याकडे ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही क्लाउनफिशची हॅचरी उभी राहिली आहे. म्हणजे हा मासा समुद्रातून ओरबाडून आणावाच लागेल अशी स्थिती आता नाही.

समुद्रातून मासे पकडणाऱ्या गावांचं पोट यावर चालतं, हा मुद्दा मी हलका मानत नाही. जाळ्याने, मोजक्या संख्येने पकडलेल्या माशाला माझा तत्त्वतः विरोध नाही. पण क्लाउनफिश त्याच्या ॲनिमोनला जखडलेला असतो, आणि गिऱ्हाइकाला मोठाच मासा हवा असतो, म्हणजे नेमकी मादी उचलली जाते. फिलिपाईन्समधल्या २००५ सालच्या एका अभ्यासात जिथे पकड होते त्या प्रवाळांवर क्लाउनफिश आणि ॲनिमोन दोन्ही विरळ झालेले आढळले. पिवळा टँग नावाच्या समुद्री माशासारख्या माशांची गोष्ट वेगळी. त्याची टाकीतली यशस्वी पैदास हवाईत २०१५ साली कुठे जमली. तशा जातींना बरीच वर्षं समुद्राशिवाय पर्याय नव्हता. क्लाउनफिशला ती सबब उरलेली नाही.

रिकामी टाकी, मग दुसरी जोडी

मोठी टाकी अडीच महिने माशाविना ठेवली. ब्रूक्लिनेला त्याआधीच संपतो, पण पांढऱ्या ठिपक्यांच्या परजीवीची बीजं दोन महिन्यांहून जास्त तग धरू शकतात, आणि दोन्ही एकत्र आले नव्हते याची खात्री कशी धरावी? टाकीतले जिवाणू उपाशी राहू नयेत म्हणून भाची दोन दिवसांनी चिमूटभर खाद्य टाकायची. रिकाम्या टाकीला खाऊ घालताना ती फार गप्प असायची.

खोकं जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, आठवड्यात आलं. होम मैदानावर पाळणे लागलेले, सगळीकडे गर्दी, आणि पहाटेची थंडी. थर्मोकोल असूनही पिशवीतलं पाणी २२ अंशांवर आलं होतं. सीलबंद पिशव्या तशाच घरी आणल्या आणि चाळीस लिटरच्या क्वारंटाइन टाकीवर तरंगत ठेवल्या. त्यात जुन्या टाकीत मुरलेला स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपाचा एक तुकडा, बस. मासे तीन सेंटिमीटरचे. एक किंचित मोठा, तो मुद्दाम मागून घेतलेला. छोटे दोन घेतले की कोण मादी आणि कोण नर हे त्यांचं तेच ठरवतात. दोन तासांनी भाचीने पेलेटचे चार दाणे टाकले. मोठ्याने दोन टिपले, छोट्याने एक. चौथा तरंगत राहिला तर तो परत वळून आला.

चार आठवडे रोज टॉर्च लावून अंग तपासलं, काही निघालं नाही. फेब्रुवारीच्या मध्याला दोघं मोठ्या टाकीत गेली. छोट्याचा मधला पट्टा पोटापर्यंत पोचतच नाही. त्यामुळे घरात त्याचं नाव 'अर्धा' पडलंय.

हॅचरीचा मासा घेतला की सोलापूरचा उन्हाळा माफ होत नाही, हेही सांगायला हवं. एप्रिलपासून दुपारी पाणी ३१ अंशांवर जायला लागलं, आणि पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी. पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा, चिलरचा, खर्च मोठा. मुंबईत माझे ओळखीचे लोक पंख्याने पाणी थंड करायचं सोडून देतात, कारण दमट हवेत पाणी फारसं उडत नाही. आपली कोरडी हवा इथे कामाला येते: काठावर लावलेल्या दोन छोट्या पंख्यांनी पाणी २८ च्या आत आलं. पण त्यापायी मे महिन्यात रोज दोन-तीन लिटर पाणी उडत होतं. उडतं ते पाणी, मीठ मागे राहतं. भाचीने काचेवर मार्करने रेघ मारली आहे, सकाळ-संध्याकाळ त्या रेघेपर्यंत आरओचं पाणी भरायचं, खारं कधीच नाही. नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून आरओचे दोन कॅन कायम भरलेले. पंख्यांसाठी झाकण काढावं लागलं, तर वर बारीक जाळी ताणली, कारण क्लाउनफिश उडी मारतो. वीज गेली की इन्व्हर्टरवर हवेचा पंप चालू राहतो. पंखे मात्र त्यावर घेतलेले नाहीत.

आज जूनमध्ये मोठी साडेचार सेंटिमीटरची झाली आहे. अर्धा तिच्यासमोर आला की अंग तिरकं करून थरथरतो. तो त्याचा कमीपणा मान्य करण्याचा रिवाज. रात्री दोघं उजव्या कोपऱ्यात मातीच्या पणतीशी चिकटून झोपतात.

भाचीला आता ॲनिमोन हवंय. हॅचरीत वाढलेल्या क्लाउनफिशला जगायला त्याची गरज नसते, आणि ॲनिमोनला लागणारा जोराचा दिवा टाकी आणखी तापवतो. मी तिला म्हटलं होतं, मे महिनाभर दुपारी तीनचं तापमान लिही. एकही दिवस २८ च्या वर गेला नाही तर बोलू. तिने वहीत एकतीस ओळी भरल्या. एकोणतीस दिवस ठीक आहेत. दोन दिवस वीज गेल्यामुळे पंखे बंद होते आणि आकडा २८.६ आणि २९.१ आहे. "ते विजेचे दिवस, मामा, टाकीचे नाहीत," असं तिचं म्हणणं आहे. दाजी तिच्या बाजूने आहेत. त्यांनी पंखेही इन्व्हर्टरवर घ्यायला वायरमनला रविवारी बोलावलंय.